मागच्या दाढेला कॅप कोणती बसवावी?

वस्तीत दातांचं शिबिर घेतलं की बायाबापे आम्हाला हमखास विचारतात, "ताई, रूट कॅनल झाली, दुखायचं थांबलं, आता कॅप कशाला?" दुखणं थांबलं म्हणजे दाढ मजबूत झाली असं नाही. कीड काढताना दाढ आतून पोकरली जाते, उरतात त्या पातळ भिंती. भाकरी चावताना काही जाणवत नाही. पण सुपारी, खडा किंवा मटणाचं हाड दाताखाली आलं की दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते.

दवाखान्यात दर ऐकला की घरात हिशेब सुरू होतो. पांढऱ्या झिर्कोनियासाठी बचत गटाचं कर्ज काढायचं, नाहीतर कॅपच नको, असे दोनच रस्ते लोकांना दिसतात. आम्ही स्पष्ट सांगतो, मागच्या दाढेला साधी धातूची कॅप मुळीच हलकी नाही. ती सहसा फुटत नाही आणि पातळ असल्यामुळे दाढही कमी घासावी लागते. चांदीसारखी दिसते, पण एवढ्या मागे बघतंय कोण? मात्र नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. ती निकेलची ॲलर्जी असू शकते. निकेल नसलेला धातूही मिळतो.

आत धातू आणि वर चिनी मातीचा पांढरा थर, अशीही कॅप असते. तिच्या थराचा कधीकधी टवका उडतो.

पांढऱ्या कॅपची ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात. नुसती चिनी माती साधारण 100 च्या आत, लिथियम डायसिलिकेट 400 च्या आसपास, दाढेसाठीची झिर्कोनिया 900 च्या पुढे. पुढच्या दातांसाठी जास्त पारदर्शक झिर्कोनिया येते, ती एवढी दणकट नसते. म्हणून नुसतं 'झिर्कोनिया' ऐकून पैसे मोजू नका, कोणती ते विचारा.

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. हिरडीलगत ब्रश फिरलाच पाहिजे. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात हा आपल्या आज्यांपासूनचा समज आहे. तंबाखू हिरड्या खराबच करतो.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगीपेक्षा खर्च कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. रेशन कार्ड सोबत न्या, सवलतीचं खिडकीवरच विचारा आणि रूट कॅनल पूर्ण होईल त्याच दिवशी कॅपची तारीख मागून घ्या.