सिंहासन तेच, कथा वेगळी!

“छे, मूळ पुस्तकाची सर नाही!” कादंबरीवरून निघालेला कोणताही बोलपट संपला की चित्रगृहाच्या पायऱ्या उतरताना हे वाक्य कानी पडतेच. आणि “पुस्तक वाचायला सवड आहे कुणाला? गोष्ट कळली, बस्स झाले!” असे उत्तर देणाराही शेजारीच उभा असतो. घरोघरचा हा जुना वाद साऱ्या जगाने हिरिरीने खेळावा असा प्रसंग २०११ ते २०१९ या काळात आला. त्याला निमित्त झाली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अमेरिकन चित्रमालिका.

एच.बी.ओ. या दूरचित्रवाणी संस्थेने काढलेली ही मालिका आठ पर्वे चालली आणि तिचे ७३ भाग झाले. मुलाबाळांना घेऊन बसावे अशी ती नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. रक्तपात आणि उघडेवाघडेपणा तिच्यात भरपूर आहे. पण तिची कथा मात्र मोठी जबरदस्त. वेस्टरॉस नावाचा एक काल्पनिक मुलूख. तिथे सात राज्यांवर सत्ता गाजवणारे एक लोखंडी सिंहासन आणि त्यावर डोळा ठेवून बसलेली मातब्बर घराणी. उत्तरेला बर्फाची प्रचंड भिंत, आणि तिच्यापलीकडून हळूहळू सरकत येणारी मृतांची फौज. शिवाय समुद्रापार परागंदा झालेली, पदच्युत राजवंशातली एक पोर, डेनेरिस. तिच्यापाशी आग ओकणारे तीन ड्रॅगन!

ज्या कादंबऱ्यांवरून ही मालिका निघाली त्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्यांच्या या ग्रंथमालेचा पहिला खंड १९९६ साली निघाला आणि पाचवा २०११ साली. गंमत अशी, की हे मार्टिन मूळचे दूरचित्रवाणीतलेच. १९८०नंतरच्या दशकात ते मालिकांसाठी संहिता लिहीत. “फार लांबले, फार खर्चाचे आहे, हे कापा!” हे पालुपद ऐकून ऐकून ते कंटाळले आणि अखेर त्यांनी ठरवले, की आता असे काही लिहायचे की ज्याला खर्चाची आणि लांबीची मर्यादाच नाही. हवे तेवढे किल्ले, हव्या तेवढ्या फौजा, हवी तेवढी माणसे! थोडक्यात, पडद्यावर कधीच येऊ नये अशा बेताने लिहिलेली ही कादंबरी; आणि नेमकी तीच पडद्यावर आली. मग काटछाट अटळच होती.

करावेच लागले ते बदल

साधे सिंहासनच घ्या. मार्टिन यांच्या कल्पनेतले सिंहासन म्हणजे हजारो तलवारी वितळवून रचलेला एक ओबडधोबड, अक्राळविक्राळ डोंगर. त्यावर बसलेल्या राजाने खालच्या दरबाराकडे वाकून पाहावे, आणि जरा बेसावध राहिला तर त्याच आसनाने त्याचे अंग कापावे! मालिकेतले सिंहासन चित्रणशाळेत मावेल एवढेच, खुर्चीहून थोडे मोठे.

वयांचेही तसेच. पुस्तकाच्या आरंभी डेनेरिस तेरा वर्षांची आहे, तर युद्धावर जाणारा रॉब स्टार्क चौदा वर्षांचा. कागदावर हे चालते. मध्ययुगात असे होतही असे. पण त्या वयाची मुले पडद्यावर तसल्या प्रसंगांत दाखवणे कोणाही शहाण्या माणसाला रुचणार नाही. मालिकेने सगळ्यांची वये वाढवली हे योग्यच केले.

पैशाचा प्रश्न तर होताच. पहिल्या खंडात टिरियन लॅनिस्टर हा बुटका सरदारपुत्र एका मोठ्या लढाईत स्वतः झुंजतो. मालिकेच्या पहिल्या पर्वात लढाई सुरू होण्यापूर्वीच त्याच्या डोक्यात घाव बसून तो बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो लढाई आटोपल्यावर! प्रेक्षक हसले, आणि निर्मात्यांचा एका लढाईचा खर्च वाचला.

मात्र सर्वांत मोठी अडचण निराळीच होती. या कादंबरीचे प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या मनात शिरून लिहिलेले आहे. प्रकरणाला नावही त्या पात्राचेच. पहिल्या खंडात, प्रस्तावनेचे प्रकरण सोडले, तर अशी आठ माणसे आहेत. ती जे पाहतात तेवढेच वाचकाला दिसते, आणि ती मनात जे म्हणतात ते सारे ऐकू येते. कॅमेऱ्याचे नेमके उलटे. त्याला कुठेही जाता येते. पण मनात शिरता येत नाही.

शोभून दिसलेली भर

या उलटेपणाचा फायदा डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या निर्मात्यांनी प्रारंभी फार चांगला करून घेतला. पहिल्या पर्वात राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी आपल्या विटलेल्या संसाराविषयी मोकळेपणाने बोलत बसतात, असा एक प्रसंग आहे. पुस्तकात तो असणेच शक्य नव्हते, कारण त्या खंडात दोघांपैकी कोणाच्याही मनाचे दार लेखकाने उघडलेले नाही. तसेच दुसऱ्या पर्वात ओळख लपवून राहणारी छोटी आर्या ही टायविन लॅनिस्टर या आपल्या घराण्याच्या कट्टर शत्रूची पाणक्या-चाकर होते. पुस्तकात ती दुसऱ्याच सरदाराची चाकरी करते. पण मालिकेतले त्या म्हाताऱ्या लांडग्याचे आणि त्या चिमुरडीचे संवाद पाहून मूळ ग्रंथाच्या भक्तांनीही माना डोलावल्या. कीर्तनकार मूळ आख्यानात आपल्या पदरचे घालतो. पण ते आख्यानाच्या अंगाने गेले तर श्रोता तक्रार करीत नाही. इथेही तसेच झाले.

मग बिघडले कुठे? माझ्या मते, घटना गाळल्याने फारसे बिघडले नाही. घटना तशीच ठेवून तिचे कारण गाळले, तिथे बिघडले.

गाळलेली टिशा

चौथ्या पर्वाच्या शेवटी टिरियन तुरुंगातून निसटता निसटता आपल्या बापाचा, टायविनचा खून करतो. पुस्तकातही करतो. पण का?

पुस्तकात त्याचे उत्तर आहे टिशा. कोवळ्या वयात टिरियनने या गरीब शेतकऱ्याच्या मुलीशी गुपचूप लग्न केले होते. बापाला कळताच त्याने थोरल्या मुलाला, जेमीला, टिरियनपाशी असे सांगायला लावले, की ही पोर पैसे देऊन आणलेली होती. बापाच्या हुकमावरून जेमी हे खोटे बोलला. त्यानंतर बापाने त्या मुलीची जी विटंबना केली ती इथे सांगण्याजोगी नाही. टिरियनचा सारा कडवटपणा या एका जखमेतून आलेला आहे. आणि सुटकेच्या रात्री जेमी कबूल करतो, की ती मुलगी खरी होती, तिचे प्रेमही खरे होते! त्या क्षणी टिरियन भावाला कायमचा दुरावतो आणि बापाच्या दालनाकडे वळतो.

मालिकेच्या पहिल्या पर्वात टिरियन ही कहाणी आपल्या तोंडाने सांगतो. म्हणजे खुंटी भिंतीत ठोकलेली होती. चौथ्या पर्वात मात्र तिच्यावर काही टांगलेच नाही. दोघे भाऊ प्रेमाने मिठी मारून निरोप घेतात, आणि तरीही टिरियन बापाच्या खोलीत जातो. घटना तीच, पण तिच्यामागचा पंचवीस-तीस पानांचा नव्हे, साऱ्या आयुष्याचा रेटा नाहीसा झालेला. पुस्तकातला टिरियन यानंतर दारूत आणि द्वेषात बुडत जातो; मालिकेतला लवकरच डेनेरिसचा शहाणासुरता सल्लागार होऊन बसतो. एक कबुली गाळली आणि माणूसच बदलला!

रॉब स्टार्कचेही काहीसे असेच. पुस्तकात धाकटे भाऊ मारले गेल्याची खोटी बातमी ऐकून तो खचतो, त्या दुःखात एका मुलीच्या सहवासात रात्र घालवतो, आणि तिच्या अब्रूला बट्टा लागू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी तिच्याशी लग्न करतो. त्यापायी दुसरीकडे दिलेला लग्नाचा शब्द मोडतो आणि जिवाला मुकतो. बापाच्या तत्त्वनिष्ठेने मुलाचा घात केला, असा तो करुण प्रकार आहे. मालिकेत तो एका शुश्रूषा करणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडून लग्न करतो. रॉब दोन्हीकडे मरतो; पण एकीकडे सचोटीचा बळी जातो, दुसरीकडे उतावळ्या प्रेमाचा.

सूड गोड की कडू?

रॉबबरोबर त्याची आई केटलिन हीही मारली जाते. पुस्तकात तिचे प्रेत मंत्रबळाने उठते. ही माउली आता ‘पाषाणहृदयी’ झालेली असते. गळा चिरलेला, बोलणे जवळजवळ संपलेले. ती शत्रूंना शोधून शोधून फासावर चढवते, आणि या ओघात आपल्याशी इमान राखलेल्या ब्रिएनच्या गळ्यातही फास अडकवते. वाचताना अंगावर काटा येतो आणि वाटते, नको हा सूड!

मालिकेने ही पाषाणहृदयी साफ वगळली. तिच्या वाट्याचा सूड आर्याच्या हाती दिला. तिने फ्रे घराण्याचा निःपात केला तेव्हा घरोघरी टाळ्या पडल्या. नाट्य म्हणून प्रसंग फक्कड होता, यात शंका नाही. पण मार्टिन जिथे सूडाची चव कडू लावीत होते, तिथे मालिकेने ती गोड लावली. आणि या गोडीची किंमत पुढे डेनेरिसच्या वेळी मोजावी लागली.

लेखकाच्या पुढे धावलेली मालिका

मालिका सुरू झाली त्याच वर्षी पाचवा खंड निघाला. पण सहावा काही येईना. सहाव्या पर्वापर्यंत मालिका ग्रंथाच्या पुढे निघून गेली. शेवटाचा आराखडा मार्टिन यांनी निर्मात्यांना सांगून ठेवला होता. म्हणजे गाव ठाऊक होते, वाट ठाऊक नव्हती.

पाचवा खंड संपतो तेव्हा डेनेरिसने वेस्टरॉसच्या भूमीवर पाऊलही ठेवलेले नाही. मार्टिन यांनी तिच्या पुढच्या प्रवासासाठी आणखी दोन जाडजूड खंड योजलेले. मालिकेने मात्र तिचे आगमन, लढाया, प्रेम, एकाकीपणा आणि अखेर शरण आलेल्या राजधानीची होळी, हे सारे शेवटच्या दोन पर्वांच्या १३ भागांत आटोपले. गुलामांच्या बेड्या तोडणारी ही राणी निरपराध बायापोरांना जाळते, हे प्रेक्षकांच्या पचनी पडेना. शेवटचे पर्व नव्याने काढा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या!

खरे म्हणजे या आगीची ठिणगी पुस्तकात फार आधी पडलेली आहे. १६३ गुलाम बालकांना खिळवून मारणाऱ्या धनिकांपैकी तितक्याच जणांना डेनेरिस तशीच शिक्षा देते. पुढे ती मनाशी घोकत राहते, की मी केले ते न्यायाचेच होते. वाचकाला कळते, की जे पुन्हा पुन्हा स्वतःला पटवावे लागते त्यात कुठेतरी पाणी मुरत असते. पडद्यावर दिसतो तो तिचा करारी चेहरा आणि उंच फडकणारा झेंडा. मनातले दाखवणे मालिकेला अशक्य होते असे मात्र नव्हे. मारल्या गेलेल्यांपैकी एकाचा मुलगा दरबारात येतो आणि सांगतो, की माझा बाप तर त्या बालहत्येच्या विरुद्ध होता. त्याला निदान माती तरी देऊ द्या. राणी क्षणभर गप्प होते. मनातली शंका चालत्याबोलत्या माणसाच्या रूपाने समोर उभी करण्याची ही उत्तम युक्ती! असे आणखी चार प्रसंग शेवटच्या पर्वांत असते, तर तोच शेवट लोकांनी डोळे पुसत मान्य केला असता.

गाळलेल्या गोष्टीचे दुखणे खुद्द लेखकालाही जाणवते. त्याच विश्वातली दुसरी मालिका ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ २०२२ साली सुरू झाली. तिच्यात मेलर नावाचा एक लहानगा राजपुत्र वगळला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्टिन यांनी जाहीरपणे लिहिले, की हे पोर वरवर किरकोळ दिसले तरी ते काढल्याने पुढच्या घटनांची साखळीच तुटत जाते. ते लिखाण लवकरच मागे घेतले गेले. पण त्यातला मुद्दा मागे घेता येण्याजोगा नव्हता.

तेव्हा, वाचकहो, यापुढे एखादी आवडती कादंबरी पडद्यावर पाहायला बसाल तेव्हा हे पात्र कुठे गेले, तो किल्ला एवढासाच कसा, असले हिशेब मांडत बसू नका. एवढेच पाहा, की या माणसाने हे केले ते का केले, याचे उत्तर पडद्यावर मिळते की नाही. मिळत असेल तर चार पात्रे कमी झाली म्हणून बिघडत नाही. मिळत नसेल, तर कितीही ड्रॅगन उडाले तरी गोष्ट जमिनीवरून उठत नाही. असे झाले म्हणजे खुशाल पुस्तक उघडावे. खर्चाची आणि वेळेची मर्यादा नसलेले ते एकच चित्रगृह आहे.