पोह्यांच्या डब्याला टेकवलेलं नाट्यगृह

जुलै 2020. ठाण्याचं गडकरी रंगायतन बंद, कल्याणचं अत्रे रंगमंदिर बंद, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर बंद. आणि तरीही तिसरी घंटा झाली! तेजस रानडे यांनी लिहिलेलं, हृषीकेश जोशी यांनी दिग्दर्शित केलेलं ‘मोगरा’. पाच अभिनेत्री आपापल्या घरी, प्रेक्षक आपापल्या घरी, आणि प्रयोग त्याच क्षणी घडणारा. ओट्यावर पोह्यांच्या डब्याला मोबाइल टेकवला, की झालं नाट्यगृह!

त्या वीतभर पडद्यामागे केवढे आकडे राबतात? चला, मोजूया.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत 20,73,600 ठिपके. सेकंदाला एक ठिपका, न झोपता, न जेवता मोजत बसलात तर एक चौकट संपायला 24 दिवस. पण सेकंदाला अशा 30 चौकटी येतात! म्हणजे नायिकेने एकदा मान वळवली, की दोन वर्षांचं मोजकाम. आणि दोन तासांचा अख्खा प्रयोग? 14,000 वर्षांहून जास्त! आता ठिपक्याला एक रुपया लावा. मान वळवण्याचे 6 कोटी 22 लाख. प्रयोगाचे सुमारे 44,800 कोटी! अटल सेतूचा खर्च सुमारे 17,840 कोटी. असे दोन सेतू बांधा, तरी 9,000 कोटी खिशात.

हे सगळं जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला दीडशे कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात साधारण 30 लाखांत भागतं. पाचशेतला एक! भिंत तीच, पडदा तोच, फक्त ओठ हलले. मग तेवढेच पाठवायचे. कल्याणहून निघालेल्या पाचशे लोकलची गर्दी एकाच लोकलमध्ये बसली, आणि धक्का कुणालाच नाही!

आता वेग पाहा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. 34 किलोमीटर, 57 मिनिटं. काचेच्या तंतूतला प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर पळतो. तेवढ्या 57 मिनिटांत तो 2 कोटी वेळा ठाण्याला पोचला असता! रेल्वेने मुंबई-पुणे 192 किलोमीटर. प्रकाशाच्या एका सेकंदात हजारावर खेपा. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या डेक्कन क्वीनला त्यासाठी जवळपास दीड वर्ष!

पण नाटक एकतर्फी नसतं. नटाला समोरचे चेहरे हवेत. एका हाउसफुल्ल प्रयोगाएवढी हजार घरं घेऊ आणि प्रत्येक घर दुसऱ्या प्रत्येक घराला धाग्याने बांधू. धागे किती? 4,99,500! एकेक धागा ठाणे-डोंबिवलीएवढा, 14 किलोमीटरचा. एकूण 70 लाख किलोमीटर. चंद्रावर नऊ वेळा जाऊन परत या! म्हणून मध्ये सर्व्हर बसवतात. घरटी एकच धागा, आणि पाच लाखांचे झाले हजार.

आता श्वास रोखा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. बाल्कनीची शेवटची रांग रंगमंचापासून 30 मीटरवर धरली, तर संवाद तिथे पोचायला सेकंदाचा अकरावा भाग. डोंबिवलीहून न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. सरळ अंथरलेल्या तंतूतून प्रकाशाला तिथे पोचायला सेकंदाचा सोळावा भाग! म्हणजे बाल्कनीतल्या काकांच्या आधी न्यू जर्सीतली त्यांची लेक! खऱ्या तारा वळणं घेत जातात, वाटेतली यंत्रं आपला वेळ घेतात, म्हणून थोडा उशीर होतोच. पण नेट चांगलं असेल तर वाक्य तिकडे जाऊन हशा इकडे यायला सेकंदही पुरतो.

आणि तेवढंच तर हवं असतं. डोंबिवलीतली नटी वाक्य टाकते, पॉझ घेते. समुद्रापलीकडे लेक खळखळून हसते. तो हशा ऐकून नटी एक श्वास जास्त थांबते, आणि मगच पुढचं वाक्य घेते.