एकच वाफ, चार वेळा कामाला

उसाचे गुऱ्हाळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. चुलवणात चिपाडे धडधडत असतात, काहिलीत रस उकळत असतो आणि वाफेचे लोट हवेत विरून जातात. त्या वाफेबरोबर काय जाते बरे?

उकळत्या पाण्याची वाफ करायला दर किलोग्रॅममागे सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ही सुप्त उष्णता नाहीशी होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी होताना ती परत मिळते. गुऱ्हाळात मात्र ती वाया जाते.

साखर कारखान्याचा हिशेब करू. १०० किलो रसात १५ किलो घन पदार्थ विरघळलेले आहेत आणि पाक ६० टक्के दाट हवा आहे. मग पाक उरेल २५ किलो, आणि उडवायचे पाणी ७५ किलो! तेवढे पाणी उडवायला जवळजवळ तितकीच वाफ खर्चावी लागेल.

अमेरिकेतील लुइझियानात पूर्वी उघड्या कढयांच्या रांगेत रस आटवीत. गुलाम मजूर लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतीत. भाजणे नित्याचेच, आणि सरपण अपरंपार. तेथल्याच न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली नॉर्बर्ट रिल्यू जन्मला. आईकडून तो आफ्रिकी वंशाचा, पण गुलाम नव्हता. पॅरिसमध्ये तो शिकला. १८४३ साली त्याने आपल्या बाष्पीभवन यंत्राचे पेटंट घेतले.

त्याने बंद भांडी ओळीने जोडली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्यातील रस तापवते, दुसऱ्याची तिसऱ्यातील. पण १०० अंशांची वाफ १०० अंशांना उकळणारा रस कसा उकळवील? म्हणून पुढच्या प्रत्येक भांड्यातील दाब कमी ठेवायचा. महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, तसेच हे. शेवटच्या भांड्यात रस साठेक अंशांनाच उकळतो, त्यामुळे साखर करपतही नाही. चार भांडी असली, की ७५ किलो पाण्याला आदर्श हिशेबाने १९ किलो वाफ पुरते. प्रत्यक्षात थोडी जास्त.

महाराष्ट्रातील कारखान्यांत आज अशीच चार-पाच भांडी असतात. टनभर उसामागे सुमारे ३०० किलो ओली चिपाडे निघतात, आणि सगळीच रस आटवण्यात संपत नाहीत. कित्येक कारखाने उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये ती जाळून आधी वीज करतात आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ रस आटवायला वापरतात. जास्तीची वीज विकली जाते.

मग पन्नास भांडी का जोडत नाहीत? पहिल्या व शेवटच्या भांड्यांत फरक पन्नासेक अंशांचाच असतो. तो पन्नास ठिकाणी वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक अंश येईल. एवढ्याशा फरकाने उष्णता इतकी हळू वाहील, की नळ्यांचे पृष्ठफळ अफाट वाढवावे लागेल. शिवाय दाट पाक पाण्याहून काही अंश अधिक तापमानाला उकळतो. शेवटच्या भांड्यांना तो एक अंश मुळीच पुरणार नाही.