घोंगडी, गवती चहा आणि सेमियॉन

माझ्या वाईनच्या वहीतली पहिली नोंद तीन शब्दांची आहे: ‘लिंबू. पाणी. लिंबू.’ सिडनीत येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तळलेल्या पापलेटबरोबर काय घ्यावं म्हणून विचारलं, तर दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हंटर व्हॅलीची कोवळी सेमियॉन, एक पांढरी वाईन, हातात ठेवली. ‘दोन घ्या,’ म्हणाले, ‘एक आज उघडा, दुसरी विसरून जा.’ दुसरी मी खरोखरच विसरलो. अकरा वर्षांनी घर बदलताना ती कपाटाच्या तळाशी सापडली. त्या संध्याकाळी वहीची दोन पानं भरली, आणि तेव्हापासून भरतच आहेत.

आधी इतिहास, थोडक्यात. १७८८ साली कॅप्टन आर्थर फिलिपच्या जहाजांबरोबर द्राक्षाची रोपं इथे आली. जेम्स बस्बी या द्राक्षवेड्याने स्पेन-फ्रान्समध्ये फिरून गोळा केलेल्या वाणांच्या काड्या १८३२ साली सिडनीच्या बोटॅनिक गार्डनमध्ये पोचल्या, आणि त्याच्या कुटुंबाच्या हंटरमधल्या जमिनीतही त्यांनी मूळ धरलं. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरियातल्या बागा फायलोक्झेराने खाल्ल्या. हंटरपर्यंत ती कीड आलीच नाही. म्हणून टायरेल्स या तिथल्या वाईन-घराण्याच्या एचव्हीडी मळ्यात १९०८ साली लावलेले सेमियॉनचे वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. त्या गाठाळ, कमरेएवढ्या खोडांवर मी हात ठेवून आलो आहे.

हंटर व्हॅली सिडनीच्या उत्तरेला, गाडीने दोन-अडीच तासांवर. पुस्तकी नियमाने पाहिलं तर इथे नाजूक पांढरी वाईन होऊच नये. उन्हाळा कडक, हवा दमट, आणि नेमका द्राक्ष पिकायच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारीत, समुद्राकडून पाऊस येतो. पाऊस आला की घड कुजतात. म्हणून इथले शेतकरी पावसाच्या आधीच तोडणी उरकत आले. द्राक्षात साखर कमी, आंबटपणा भरपूर, आणि वाईनमध्ये अल्कोहोल दहा-अकरा टक्के. ओढ्याकाठची रेताड जमीन सेमियॉनला, लाल चिकणमाती शिराझ या काळ्या द्राक्षाला, अशी वाटणीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठरली.

माझे दाजी नाशिककडचे, खायच्या द्राक्षांचे बागायतदार. त्यांना एकदा तोडणीच्या दिवसांत हंटरमधल्या पोकोलबिनला घेऊन गेलो. त्यांनी दोन मणी तोंडात टाकले आणि मला बाजूला घेतलं. ‘अहो, ही साखर तर अठरा-एकोणीस ब्रिक्स असेल. एवढ्यावर आम्ही खायचा माल तोडतो. आमच्याकडे वाईनवाले बावीस-तेवीस मागतात. पिकू तरी द्या म्हणावं!’ संध्याकाळी त्यांच्यापुढे दहा वर्षं जुन्या सेमियॉनचा पेला ठेवला. त्यांनी बराच वेळ नुसता वास घेतला, आणि मग विचारलं, ‘हिला लाकडी पिपात किती ठेवली होती?’

एक दिवससुद्धा नाही! हंटर सेमियॉनचं सगळं आश्चर्य या उत्तरात आहे. पारंपरिक पद्धतीत ती स्टीलच्या टाकीत आंबते आणि काही महिन्यांत बाटलीत जाते. कोवळेपणी रंग जवळजवळ पाण्याचा, चव धारदार. पाच-सहा वर्षांनी रंगात सोनं उतरू लागतं. दहा वर्षांनंतर भाजलेल्या पावाचा, मधाचा, मेणाचा वास येतो आणि जाणकारसुद्धा ओकच्या पिपाचा संशय घेतात. हे सगळं बंद बाटलीत, आंबटपणाच्या आधाराने घडलेलं असतं.

वास ओळखायचा तर आपल्या आठवणीतल्या शब्दांनी ओळखावा, हे माझं ठाम मत आहे. इंग्रजी पुस्तकांत सेमियॉनसाठी ‘लॅनोलिन’ हा शब्द हटकून येतो. लॅनोलिन म्हणजे लोकरीतलं मेण. वर्षानुवर्षं मी तो शब्द अंधारात चाचपडल्यासारखा वापरत होतो. मग एका पावसाळ्यात गावी गेलो आणि ओसरीवर वाळत घातलेल्या ओल्या घोंगडीचा वास आला. हाच तो! तेव्हापासून वहीत घोंगडी. ‘लेमनग्रास’च्या जागी अर्थातच गवती चहा. रिस्लिंग ही दुसरी पांढरी वाईन मुरली की तिला पेट्रोलचा वास येतो म्हणतात. माझ्या नाकाला तो रॉकेलच्या स्टोव्हचा वाटतो. रिस्लिंगच्या ओल्या दगडाच्या वासावरून आणखी एक आठवतं. पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे शास्त्रीय नाव १९६४ साली दिलं ते इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी, आणि उत्तर भारतात याच वासाचं अत्तर काढतात याची नोंदही त्यांनी केली. मृद्‌गंध त्यांना आपल्या अत्तरवाल्यांमुळेही ठाऊक झाला, याचा मला फार आनंद वाटतो.

आता परीक्षणाबद्दल. ऑस्ट्रेलियात वाईनच्या स्पर्धांची परंपरा शेतकी प्रदर्शनांतून आली. गायी, लोकर, मध आणि वाईन एकाच मैदानात. जुनी पद्धत वीस गुणांची: रंगाला तीन, वासाला सात, चवीला दहा. साडेपंधराला कांस्य, सतराला रौप्य, साडेअठराला सुवर्ण. हल्ली शंभरपैकी गुण देतात, पंचाण्णवला सुवर्ण. मला जुनीच आवडते, कारण तिच्यात गुण कुठे गेले ते दिसतं. पेल्यांवर फक्त आकडे, नाव कुठेच नाही. तीन परीक्षक आपापले गुण आधी मुकाट्याने लिहितात, मग वाद घालतात. घोट प्यायचा नाही, तोंडात फिरवून पिकदाणीत टाकायचा. वाईन फार गारही नसते, कारण गारठ्यात दोष लपतात.

माझी तक्रार इथेच आहे. एका परीक्षकापुढे दिवसाला शे-दीडशे पेले येतात. इतक्या गर्दीत भरदार, सुगंधी वाईन चटकन लक्ष वेधते आणि कोवळी सेमियॉन मुकी वाटते. तिला न्याय द्यायचा तर परीक्षकाला आज जिभेवर असलेल्या आंबट पाण्यात दहा वर्षांनंतरचा मध दिसायला हवा. चांगल्या स्पर्धांत जुन्या वाईनचा वेगळा वर्ग असतो, आणि तिथे हंटरच्या बाटल्या पदकं घेऊन जातात. प्रत्येक स्पर्धेत हा वर्ग असलाच पाहिजे.

नावांनीही हिचं नुकसान केलं. कित्येक दशकं ती ‘हंटर रिव्हर रिस्लिंग’ म्हणून विकली गेली, रिस्लिंगशी काही संबंध नसताना. लिंडमन्स ही कंपनी तर याच एका द्राक्षाच्या वाईन रिस्लिंग, शाब्ली आणि व्हाइट बर्गंडी अशा तीन नावांनी बाटलीत भरत असे. तरी हंटरमधल्या मॉरिस ओशे या वाईनकाराने १९४६ साली लव्हडेलचा सेमियॉनचा मळा लावला, टायरेल्सने १९६३ पासून व्हॅट वन नावाची सेमियॉन काढली. मग शार्डनेची लाट आली आणि सेमियॉन मागे पडली.

बाकीच्या अप्रसिद्ध पांढऱ्यांनाही न्याय द्यायला हवा. व्हिक्टोरियात टाबिल्कमध्ये १९२७ साली लावलेले मार्सानचे वेल आहेत. ती वाईनही मुरली की मधाकडे झुकते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅकलॅरन व्हेलमध्ये फियानो छान रुळली आहे. सावान्यँची हकिगत तर न्यारीच: स्पेनची अल्बारिनो म्हणून लोकांनी हौसेने बागा लावल्या, आणि २००९ साली डीएनए चाचणीत ती सावान्यँ निघाली. वाईन चांगली होती, ती नाव बदलूनही चांगलीच राहिली.

जुन्या बाटल्यांची एक धास्ती असे ती बुचाची. खराब बूच निघालं की दहा वर्षांची वाट पाहणं पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वासात संपायचं. माझ्या अशा तीन बाटल्या गेल्या. २००० सालच्या हंगामात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या रिस्लिंगवाल्यांनी एकजुटीने फिरकीचं झाकण स्वीकारलं, पुढे हंटरनेही. आता तो धोका जवळपास उरलेला नाही.

तेव्हा पोकोलबिनला आलात तर हंटर सेमियॉनच्या दोन बाटल्या घ्या. एक त्याच दिवशी कालवांबरोबर किंवा तळलेल्या पापलेटबरोबर उघडा. लिंबू पिळायची गरज पडणार नाही. दुसरीवर तारीख लिहा, अंधाऱ्या थंड जागी आडवी ठेवा आणि दहा वर्षं हात लावू नका.