तुलनेची चिन्हे आणि संगणकाचा निर्णय

दोन संख्यांपैकी मोठी कोणती, हे माणूस पाहताक्षणी सांगतो. संगणकाकडून तेच काम करवून घ्यावयाचे तर प्रश्न काटेकोर चिन्हांत मांडावा लागतो. त्यांपैकी बरोबरीचे '=' हे चिन्ह वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये आपल्या ग्रंथात प्रथम वापरले. '<' आणि '>' ही चिन्हे इंग्रज गणितज्ञ टॉमस हॅरियट याच्या, मृत्यूनंतर १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतात. संगणकाच्या भाषांनी ही चिन्हे स्वीकारली व त्यांना नवे कार्य दिले.

गणितात '७ > ५' हे विधान आहे. संगणकाच्या दृष्टीने तो प्रश्न आहे, आणि 'सत्य' किंवा 'असत्य' हे त्याचे उत्तर होय. बेरजेतून संख्या निष्पन्न व्हावी, तसे तुलनेतून हे मूल्य निष्पन्न होते. 'किंमत + कर > १००' असे लिहिल्यास बेरीज आधी होते व तुलना नंतर.

उत्तर हेही एक मूल्यच असल्यामुळे काही वेळा फसगत होते. सी या भाषेत '१ < क्ष < १०' असे लिहिले, तर प्रथम '१ < क्ष' याचे उत्तर १ (सत्य) किंवा ० (असत्य) असे मिळते, आणि मग त्या उत्तराचीच १० शी तुलना होते. १ आणि ० हे दोन्ही १० पेक्षा लहान. म्हणून क्ष ५० असला तरी उत्तर 'सत्य' येते. तेथे '१ < क्ष' आणि 'क्ष < १०' या दोन तुलना निराळ्या लिहून 'आणि' या अर्थाच्या चिन्हाने जोडाव्या लागतात.

तुलना कशाची, हेही महत्त्वाचे. संख्या म्हणून १० हे ९ पेक्षा मोठे. परंतु तीच अक्षरे मानली, तर शब्दकोशाप्रमाणे पहिले अक्षर आधी पाहिले जाते, आणि १०चा क्रम ९च्या आधी लागतो.

एका चिन्हाने किती फरक पडतो, हे मतदानाच्या वयावरून समजेल. भारतात १९८९ मध्ये ते २१ वरून १८ वर्षांवर आणले गेले. पूर्ण वर्षांत मोजलेल्या वयासाठी 'वय > १८' असा नियम लिहिला, तर अठरा वर्षांचे सर्व नागरिक वगळले जातील. तेथे 'मोठे किंवा समान' या अर्थाचे '>=' हेच चिन्ह हवे. असा नियम लिहिल्यावर १७, १८ आणि १९ ही तिन्ही वये घालून उत्तरे तपासावीत. चूक असल्यास ती १८ या सीमेवरच उघड होते.