परदेशी संशोधन : पत्र आधी, पैसा नंतर

अमरावतीचे संत गाडगे बाबा विद्यापीठ व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथील प्राध्यापक व विद्यार्थी विचारतात, परदेशी संशोधनाला पैसा कोठून मिळतो? आम्ही पडलो बँकेतले कारकून, तेव्हा हिशेबाच्या अंगानेच सांगतो.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घ्यावे. 1913 मध्ये बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 मध्ये लंडनला निघताना प्रा. सेलिग्मन यांनी तेथील अर्थशास्त्रज्ञांच्या नावे पत्रे दिली. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत पुन्हा रुजू होण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. नोकरीतली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राची उसनवारी यांवर ते 1920 मध्ये परत गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. 1925 च्या त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावना त्याच सेलिग्मन यांची आहे.

आज प्राध्यापकांसाठी फुलब्राइट-नेहरू, राष्ट्रकुल, जर्मनीची डाड अशा योजना आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी व राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अनेक ठिकाणी यजमान विद्यापीठाचे निमंत्रणपत्र लागते. ते ऐनवेळी मिळत नाही. तेथील अध्यापकांचे निबंध वाचून वर्षभर आधीच पत्रव्यवहार सुरू करावा. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी मुदतवाढीचे व मध्येच परतावे लागल्यास काय याचे कलम नीट वाचावे.