टबाच्या पोटाखालची पट्टी

मिनेसोटातली तळी गोठली, की त्यांच्यावर वर्दळ सुरू होते. स्वच्छ नवा बर्फ चार इंच जाड झाला, की पायी जायला हरकत नाही, असं तिथलं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं सांगतं. मग मिल लॅक्ससारख्या अफाट तळ्यावर वॉलाय माशासाठी माणसं बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसतात. मात्र बसण्याआधी संसार ओढत न्यावा लागतो: भोक पाडायचा ऑगर, गॅसची शेगडी, तंबू, जिवंत आमिषाची बादली, पाण्याखालचा मासा दाखवणारं सोनार. वजन पन्नास-साठ किलोंच्या घरात सहज जातं. हे सगळं ज्यात भरतात ती घसरगाडी म्हणजे पॉलिएथिलीनचा लांबट, उथळ टब. पुढे दोरी, किंवा स्नोमोबाईलला जोडायचा दांडा.

पूर्वी एकदा झोपडी उभी केली, की तिच्यातच हिवाळा काढायचा अशी रीत होती. १९८०च्या दशकात मिनेसोटाच्या डेव्ह गेंझने घसरगाडीवरच घडीचा तंबू बसवला आणि त्याला ‘फिश ट्रॅप’ नाव दिलं. मासा लागेना? उचला बिऱ्हाड, पुढच्या भोकापाशी चला. मासेमार असा फिरता झाला आणि टबाच्या बुडाचे हाल सुरू झाले.

गंमत म्हणजे गुळगुळीत बर्फ या बुडाचं फारसं काही बिघडवत नाही. खरा शत्रू काठावर असतो. गाडी लावली तिथपासून तळ्यापर्यंतचं डांबर, खडी, ट्रकच्या चाकांबरोबर आलेली वाळू, आणि पुढे गोठून करवतीसारखे झालेले बर्फाचे कंगोरे. टबाच्या तळाला साच्यातच उभ्या बरगड्या काढलेल्या असतात. सगळा भार त्या पेलतात, म्हणून आधी त्याच झिजतात, पातळ होतात आणि फाटतात.

म्हणून त्या बरगड्यांवर जादा पट्ट्या ठोकायच्या. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात त्यातलाच प्रकार: झिजायचं ते धावेनं झिजावं. या पट्ट्याही पॉलिएथिलीनच्याच, पण कितीतरी लांब साखळ्यांच्या रेणूंच्या, त्यामुळे घासायला विलक्षण चिवट. स्नोमोबाईलचा पट्टा ज्या सरकपट्ट्यांवरून धावतो, त्या याच जातीच्या. दुकानात त्यांना ‘हायफॅक्स’ म्हणतात.

या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही, बर्फही नाही आणि साधा गोंदही नाही. ज्या गुणासाठी पट्टी घ्यायची, तोच ती बसवताना आडवा येतो. बोल्टला पर्याय नाही.

टब उबदार गॅरेजमध्ये आणून उलटा करतात, धुऊन कोरडा करतात. पट्टी पुढच्या वळणावर चढेल इतकी लांब घेतात, कारण तिचं टोक सपाट भागातच संपलं तर प्रत्येक कंगोऱ्यात अडकेल. हे वळण थंड प्लास्टिक घेत नाही, म्हणून हीट गन फिरवून पट्टी नरम करायची, शिकंज्यांनी दाबायची, पुढून सुरुवात करून मागे जायचं. बोल्टची डोकी पट्टीत खोल बुडावीत म्हणून भोकाचं तोंड शंकूसारखं रुंद करतात. टबाच्या आत मोठा वॉशर हवाच, नाहीतर पहिल्या जोरदार धक्क्याला नट पातळ तळातून आरपार निघतो. नट लॉकिंगचा, आणि भोकांभोवती सिलिकॉन, म्हणजे बर्फाचा चिखल आत झिरपत नाही.

बरेच जण विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. दीड मीटरची पट्टी तापमानातल्या पन्नास अंशांच्या फरकानं सेंटिमीटरभर आखडते. पोलाद तेवढ्यात एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. टब पॉलिएथिलीनचा असेल तर दोन्ही जवळपास बरोबरीनं आखडतात आणि निभावून जातं. पण तीच पट्टी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर आवळली, तर भोकं लांबट ठेवावी लागतात, नाहीतर पट्टी ताणली जाते आणि भोकाशी चिरते.

ही युक्ती मिनेसोटाची नव्हे. आर्क्टिकमधले इनुइट आपल्या ‘कामुतिक’ स्लेजच्या धावांवर शेवाळयुक्त मातीचा लेप गोठवत, तो तासून गुळगुळीत करत, वर तोंडातून पाण्याची फवारणी करून अस्वलाच्या कातड्याने पुसत. बर्फावर बर्फच घसरे. आता अनेक कामुतिकांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतात.

थंडी वाढली की घसरण वाढते असंही नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बर्फ सर्वांत निसरडा आढळला तो उणे ७ अंशांच्या आसपास. १९११च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात केप क्रोझियरला निघालेल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड या ध्रुवीय प्रवाशांनी हे अंगावर सोसलं. पारा उणे ६०पर्यंत उतरला, बर्फ वाळूसारखा झाला. दोन स्लेज एकदम ओढवेनात, म्हणून एक पुढे नेऊन ठेवायची आणि दुसरीसाठी मागे यायचं.

मिनेसोटात इतकी पाळी येत नाही, मात्र ओला चिखलबर्फ तिथे रोजचा. त्यावर काहीजण भंगारात मिळालेल्या जुन्या स्की लाकडी चौकटीला ठोकतात आणि अख्खा टब वर ठेवतात. याला ‘स्मिटी स्लेज’ म्हणतात. तळ चिखलाच्या वर राहतो, ओढणं हलकं होतं. फक्त चौकट जड आणि गाडीत मावायला त्रासाची. पट्टीवाल्यांना तेवढी अडचण नाही. त्यांनी हंगामाअखेर टब उलटा करून पाहावं. बोल्टचं डोकं पट्टीच्या पातळीला आलेलं दिसलं, तर नवी पट्टी आणायची.